लोचोभाऊच्या नावाची मूठ

सव्वा मूठ गहू.

एक जुना कीबोर्ड. त्याचा वरचा सा दाबला की खालचा पंचमही वाजतो, कोणी बोलावलेलं नसताना.

टीव्हीवरची एक सून. चौदा महिने कोमात. लिपस्टिक मात्र ताजी.

उत्तरेकडच्या गोदामाच्या छपरावर बंदूक रोखून पालथा पडलेला खामोश शिकारी.

'यादी संपेपर्यंत पुढचं नाव घे.'

सुरतेत, नवागामातल्या ललितच्या दोन खोल्यांत या पाचही गोष्टी सुखाने नांदत होत्या आणि शुक्रवारी सकाळी साडेसातपर्यंत त्या एकमेकींच्या पायांत आल्या नव्हत्या.

ललित चौतीस वर्षांचा. पर्वत पाटियाजवळच्या एका कारखान्यात तो साड्यांवरच्या भरतकामाची डिझाइनं कॉम्प्युटरवर बसवायचा. दिवसभर मोर, कुयऱ्या आणि शेठचा "जल्दी कर ने भाई!" संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुतले की त्याचं खरं आयुष्य सुरू व्हायचं. आधी व्हिडिओ बघून कोडिंग शिकायचं. मग कीबोर्डवर एखादं गाणं, निदान त्याचा मुखडा तरी, जेरीस आणायचं. साडेसातला आईबरोबर मालिका, आणि जेवणानंतर मोबाइलवर बंदुकांचा गेम. गेममध्ये त्याची पाच जणांची टोळी होती. बाकीच्या चौघांचं तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्यासाठी दीड वर्षांत तो कित्येकदा मेला होता.

"लोकांच्या नवऱ्यांना एक नाद असतो," त्याची बायको धनश्री म्हणायची, "मला चार-चार सवती."

आई, म्हणजे मालतीबाई, अहिराणीतून याहून कमी शब्दांत सांगायच्या. "चार चुल्हा पेटाडेल शेत आणि रांधेल एकवर बी काही नही."

ललितला याचं वाईट वाटत नसे. तो तृप्त माणूस होता. फक्त या चारपैकी एखादी तरी गोष्ट एकदा घराच्या उपयोगी पडावी आणि आईने ते मान्य करावं, एवढी एक इच्छा त्याच्या मनात होती.

श्रावण आला.

खानदेशातून सुरतेला आलेल्या माणसांनी माग बदलले, खोल्या बदलल्या, त्यांच्या पोरांनी भाषासुद्धा बदलली. कानबाई, त्यांची देवी, कोणी बदलली नाही. श्रावणातल्या रविवारी ती पाटावर बसते, आणि त्याआधी रोटांचे गहू मोजले जातात. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू टोपलीत टाकायचे. त्याच गव्हाचे जाड रोट होतात. ते भाऊबंदांनीच खायचे, आणि सगळेच्या सगळे खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, उरवायचे नाहीत, आणि कोणाचं नाव विसरायचं तर नाहीच नाही. मूठ चुकली की ज्याच्या नावाची चुकली त्याचं वर्ष वाकडं जातं, आणि जिच्या घरी चुकली तिचं नाक जातं.

या वर्षी मान मालतीबाईंकडे होता.

ललितचे वडील राघो होते तोवर सगळी नावं त्यांना तोंडपाठ असत. ते गेल्यावर नावं घेण्याचं काम धुडकूकाकांकडे आलं. धुडकूकाका सत्तरीला टेकलेले, भाऊबंदकीतले सगळ्यात वडील आणि नियमाला सगळ्यात कडक. पण गेल्या वर्षी रामदासच्या घरी नावं घेताना काका नेमकं रामदासच्याच तीन महिन्यांच्या मुलाचं नाव विसरले. रामदास हा ललितचा चुलतभाऊ. तो सहा महिने कोणाशी बोलला नाही. नंतर बोलू लागला, पण फक्त दुसऱ्यांच्या चुका दाखवण्यापुरता. तेव्हापासून मालतीबाईंची झोप उडाली होती.

"माय, मी प्रोग्राम बनावस," ललित म्हणाला. "नाव विसरायचा प्रश्नच नही."

"तुना डब्बा नाव ली?"

"एक एक करून. मोठ्याने. टीव्हीवर अक्षरं दिसतील, काकाले चष्मा बी नको."

मालतीबाईंनी बराच वेळ विचार केला. "चुकनं ना, तं तुना डब्बा, तुनी पेटी आणि तुना सगळा खेय माळ्यावर. जुना पाळणानी शेजारे."

ललितने ते मान्य केलं. तीन आठवडे तो हवेत होता. चारही छंद पहिल्यांदाच एका कामाला लागले होते. कोडिंग करून त्याने नावं पुकारणारा प्रोग्राम लिहिला: 'यादी संपेपर्यंत पुढचं नाव घे.' प्रत्येक नावाआधी वाजायला कीबोर्डवरची तीन सुरांची धून टाकली (चौथा सूर आपणहून आला). नावं टीव्हीवर मालिकेच्या शीर्षकासारखी चमचमत येणार होती. आणि दर सहा सेकंदांनी पुढचं नाव आपोआप यावं ही कल्पना त्याने गेममधल्या घड्याळावरून उचलली. प्रत्येक नावापुढे आदराने 'भाऊ' लावायची सोयही केली.

फक्त चाचणीची अडचण होती. गहू न टाकता जित्या माणसाचं रोटाचं नाव घेणं अशुभ. तेवीस भाऊबंदांची नावं नुसती गंमत म्हणून कॉम्प्युटरच्या तोंडून वदवून घ्यायची त्याची छाती झाली नाही. म्हणून चाचणीसाठी त्याने यादीच्या शेवटी, ज्यांना काही अशुभ बाधण्याची शक्यता नव्हती अशी चार नावं टाकली. आपल्या गेममधल्या टोळीची.

चाचणी झकास झाली. गुरुवारी संध्याकाळी तो ती चार नावं पुसायला बसला. बोट बटणावर गेलं, आणि आतून धनश्री ओरडली, "अहो, या लवकर! तिने डोळे उघडले!"

चौदा महिन्यांनी. ललित धावला.

शुक्रवार, सकाळी साडेसात. मालतीबाई आंघोळ करून पाटावर बसल्या. समोर गव्हाचं सूप, शेजारी नवी टोपली. मोजताना डोळे मिटायचे आणि शेवटची मूठ पडेपर्यंत घरात कोणी ब्र काढायचा नाही, हा या घराचा दंडक होता. खुर्चीत धुडकूकाका, दाराशी हाताची घडी घालून रामदास. ललितने बटण दाबलं.

तीन सूर. आगंतुक चौथा. मग कॉम्प्युटरमधली बाई, जिला मराठी नुकतीच शिकवल्यासारखी वाटत होती, गंभीरपणे म्हणाली, "धुडकू. भाऊ."

मूठ पडली. काकांनी टीव्हीवर स्वतःचं नाव चमचमताना पाहिलं आणि नकळत पाठ ताठ केली.

रामदासचं नाव आलं. रामदासच्या मुलाचं आलं. रामदासची घडी सुटली. बावीस. तेवीस. ललितने सुटकेचा श्वास घेतला आणि तो अर्ध्यावर असतानाच पुन्हा तीन सूर वाजले.

"खामोश शिकारी. भाऊ."

मूठ पडली.

ललित ताडकन उठला. बोलायचं तर नव्हतं. त्याने हात हलवले, आईसमोर जाऊन बोटांनी फुली केली, पण आईचे डोळे मिटलेले. धनश्रीला वाटलं, नवरा धुनेवर नाचतोय. तिने डोळे वटारले. तो लॅपटॉपकडे झेपावला आणि कीबोर्डच्या वायरीत अडकून गुडघ्यांवर आला. काकांना तो नमस्कार वाटला. त्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला.

"बारूद भाई. भाऊ." मूठ.

"सुरती लोचो. भाऊ." मूठ.

"राणा तीनशे दोन. भाऊ." मूठ.

मालतीबाईंनी डोळे उघडून टोपलीला हात जोडले. घर पुन्हा बोलू लागलं, आणि पहिला बोलला रामदास.

"लोचो? आपल्या भाऊबंदकीत लोचो कोण?"

"लोचो तं चौकातल्या फरसाणवाल्याकडे ऱ्हास," काका म्हणाले. "हाऊ कोन्ता?"

ललितने सगळं सांगितलं. मालिकेतली सून नेमकी कोणत्या क्षणी शुद्धीवर आली तेही सांगितलं. मालतीबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. रामदासच्या चेहऱ्यावर तो चढत गेला.

"चौघांचे गहू काढून टाकू," धनश्री म्हणाली. "पाच मुठी होतील. त्यात काय?"

"काढ," काका म्हणाले. "पन त्याच चौघास्ना दाना काढ. बाकीना कोनाच एक दाना बी हालाले नको."

सगळ्यांनी टोपलीत पाहिलं. लोचोचे गहू आणि रामदासच्या मुलाचे गहू एकमेकांच्या गळ्यात गळा घालून पडले होते.

"मग?" मालतीबाईंनी सूप बाजूला सारलं. "भाऊजी, चार जणस्ना रोट उरतीन. मना घर उरतीन."

काका उठले. काठी टेकत दारापर्यंत गेले आणि वळले. "मूठ पडनी म्हणजे पडनी. ज्यास्ना नावनी पडनी त्यास्ले रविवारे लई ये. मंग मी पाहसू."

"पण काका, बाहेरच्याला रोट चालत नाही ना?" रामदास म्हणाला.

"मी पाहसू म्हंतं ना."

त्या दिवशी ललित जेवणाआधीच गेममध्ये उतरला. हेडफोन लावला. चौघं हजर होते.

"भाई लोग, एक सवाल. तुम लोग रहते कहाँ हो?"

दीड वर्षांत हा प्रश्न कोणी कोणाला विचारला नव्हता. गोळ्या थांबल्या.

"पोलीसमां छे के शुं?" सुरती लोचोने विचारलं.

"तसं नाही रे. माझ्या घरी तुमच्या नावाने गहू पडलेत."

खामोश शिकारी बोलला. तो गेम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत कधीच खामोश नसे. "अरे, तू मराठी हाईस? मी परभणीचा की! वैभव. सेंटरिंगचं काम करतो. नवागामात ऱ्हातो, हनुमानाच्या मंदिरामागं."

"मी मंदिरासमोर!"

"आन् आपण दीड वर्ष इंटरनेटवरून बोंबलायलोत? खिडकीतून हाक मारली असती की राव!"

बारूद भाई निघाला योगेंद्र, शिरपूरचा, कोसाडजवळ शाळेची व्हॅन चालवणारा. सुरती लोचो सुरतचा नव्हताच. तो भावनगरचा दीपक, वराछात हिरे घासणारा. ललितने रोटांचं सगळं शास्त्र समजावलं. तेवढ्यात शत्रूने पाचही जणांना मारलं.

"नाही आलो तर?" योगेंद्रने विचारलं.

"वर्ष वाकडं जातं."

"कोनुं? मारुं?" दीपक म्हणाला. "हीरामां तो आमेय वरस वांकुं ज चाले छे. पण खावानुं होय तो आवीश, भाई."

राहिला राणा ३०२. तो कधी माइक लावत नसे. टोळीतला सगळ्यात खुनशी नेमबाज तोच. त्याने लिहून विचारलं, 'किती वाजता?' आणि थोड्या वेळाने, 'येताना काय आणू?'

ललितला वाटलं, खुनशी आहे, पण वळण चांगलं आहे.

रविवार दुपार. कानबाई पाटावर बसली होती, जरीची हिरवी साडी, नाकात नथ. रोटांची चळत तिच्यापुढे. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी. अख्खी भाऊबंदकी दोन खोल्यांत आणि जिन्यात मावली होती. रामदासने रोट तीनदा मोजले. "सत्तावीस. आपण तेवीस," तो प्रत्येकाला सांगत होता, जणू हा शोध त्यालाच लागला होता. मालतीबाई चुलीपाशी उभ्या होत्या आणि सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

तिघं एकदमच आले. धुडकूकाकांनी त्यांना समोर उभं केलं.

"तू कोन?"

"योगेंद्र पवार, शिरपूर."

"शिरपूर! मंग तं आपलाच."

"काका," रामदास म्हणाला, "पवार आपले सोयरे होतात. भाऊबंद नाही."

"शिरपूरना पानी पेल शे ना तो? बठ, भो." योगेंद्र बसला. "तू?"

"वैभव, परभणी. जिल्हा परभणी, तालुका—"

"मागवर कोनी व्हतं का तुना घरमा?"

"आजोबा होते ना! सुरतेतच. बारा वर्षं."

"दिवसपाळी का रातपाळी?"

"रातपाळी."

काकांचा चेहरा एकदम मऊ झाला. "रातपाळीना माणूस! बठ, बठ. रातपाळीना म्हणजे घरना."

"हे कुठलं नातं?" रामदासने भिंतीला विचारलं.

दीपकपाशी मात्र गाडी अडली. भावनगर. मागाशी संबंध नाही. आजोबा हिऱ्यात, वडील हिऱ्यात. काका काठीवर हनुवटी टेकवून विचार करत राहिले. मालतीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"तू ललितले कितला वरीसपाईन ओयखस?"

"दोढ वरस, काका."

"खेयमा तो मरी ग्या, तं काय करस तू?"

"बचावुं ने! दोडीने जाउं, इंजेक्शन मारुं, ऊभो करुं."

"कितला खेप वाचाडं त्याले?"

दीपकने ललितकडे पाहिलं. "सित्तेर-एंसी वार तो खरुं."

"ज्यानी ऐंशी खेप जीव वाचाडा," काका म्हणाले, "तो भाऊ नही तं कोन?"

"काका, ते गेममध्ये!" रामदास ओरडलाच.

"गेममा तं गेममा. तू एक डाव तरी वाचाडं का कोनले?"

जिन्यातून कोणीतरी खो खो हसलं. दीपक बसला. आता सव्वीस पानं भरली होती, एक रिकामं. तेवढ्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात केळ्यांचा घड.

"ललितभाऊंचं घर हेच ना?"

"हो. कोण हवंय?" धनश्रीने विचारलं.

"मी हर्षदा. राणा तीनशे दोन."

सगळ्यांनी तिच्यामागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"राणा आडनाव?" ललितला एवढंच सुचलं.

"छे! आडनाव ढोके, आम्ही अमरावतीकडचे. राणा आपलं असंच. अन् तीनशे दोन आमच्या कोसाडच्या रूमचा नंबर. ड्युटीवरून आली सरळ, उशीर झाला. मी नर्स आहे."

"आयला!" वैभव म्हणाला. "आम्ही खुनाचं कलम समजून दीड वर्ष भ्यालो!"

धनश्री पुढे सरकली. "हे काय काय बोलतात हो त्या गेममध्ये?"

"काही नाही, वहिनी. 'धनश्री आली, माइक बंद करतो,' एवढंच."

पण रामदासला आता थांबवणं शक्य नव्हतं. तो खोलीच्या मधोमध आला. "बाईच्या नावाची मूठ! रोटात! काका, आते सांगा. आते कोन्त नातं?"

हर्षदाला काय बिघडलंय ते कळेना. तिने केळी खाली ठेवावीत की नाही, असा विचार करत घड तसाच धरला. मालतीबाई चुलीपासून पुढे आल्या. ललितने मनातल्या मनात माळ्यावरची जागा मोजली. कीबोर्ड आडवा बसला नसता, उभा ठेवावा लागला असता.

काका सावकाश उठले आणि पाटाकडे काठी केली. "रामदास, तठे कोन बठेल शे?"

"कानबाई."

"बाई शे का माणूस?"

रामदासने कानबाईच्या नथीकडे पाहिलं.

"पहिला रोट कोनापुढे ठेवा आपुन?"

"तिच्यापुढे."

"तिले चालस, मंग हिले काय व्हयनं? बठ, आंडेर. केया आठे ठेव."

आंडेर म्हणजे लेक, हे धनश्रीने कानात सांगितल्यावर हर्षदा सत्ताविसाव्या पानावर बसली. मालतीबाईंनी स्वतः तिला वाढलं, आणि वाढता वाढता दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. एक रोट फोडून झाला, दुसरा झाला. दीपकने खिरीला "एक नंबर" म्हटलं. वैभवने परभणीच्या रोटांची आठवण सांगायला घेतली. परभणीत रोट नसतात हे योगेंद्रने त्याच्या लक्षात आणून दिलं. चळत उतरत उतरत ताटाला लागली. शेवटचा तुकडा रामदासच्या मुलाने खाल्ला. त्याला दात चारच होते, त्यामुळे त्याला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळी भाऊबंदकी त्याच्या तोंडाकडे बघत बसली.

"काका," धनश्री खरकटी पत्रावळ उचलत म्हणाली, "मग माझी मूठ कधी? अकरा वर्षं झाली, रोट मी थापते."

काकांना ठसका लागला. पाणी प्यायले. "ललित, तुना डब्बामा बाया बसतीन का?"

"एक अट आहे, 'फक्त पुरुष' अशी. ती ओळ काढली की बसतील."

"काढ मंग. आतेच काढ. टीव्ही लावू नको कोनी."

ललितने काढली. त्याने लिहिलेल्या सगळ्या प्रोग्राममधलं सगळ्यात चांगलं काम त्या दिवशी पुसण्याने झालं. मालतीबाई त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होत्या. ती चार नावं अजून यादीच्या शेवटी तशीच होती. त्याचं बोट तिकडे वळलं तसा त्यांनी त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. पुढला साल गहू जास्ती लागतीन." माळ्याचा विषय त्यांनी काढला नाही. उलट म्हणाल्या, "तुनी पेटी वाजाड. देवीपुढे काहीतरी वाजाले पाहिजे."

ललितने कीबोर्ड मांडीवर घेतला. मालतीबाई तुपाची वाटी घेऊन काकांजवळ बसल्या. "भाऊजी, आखो तूप?"

"वाढ, वहिनी."

दोघं एकमेकांकडे बघून हसली. ललितचं लक्ष सुरांकडे होतं.

१९८३च्या श्रावणात नवागामातल्या एका खोलीत राघोने सुरतेतले पहिले रोटांचे गहू मोजले, तेव्हा सातवी मूठ रातपाळीला शेजारच्या मागावर उभ्या राहणाऱ्या, घरचं कोणीच नसलेल्या एका माणसाच्या नावाने पडली. त्याचं नाव धुडकू होतं आणि त्याचं राघोशी काही नातं नव्हतं.